सामना सुरू झाल्यानंतर बदललेले अंदाज : तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय : खेळाडूंच्या साप्ताहिक गुणांचे अंदाज सामन्यानंतर बदलणे व त्या बदललेल्या आकड्यांवर अचूकतेचा दावा करणे.

महोदय,

मी तुमची दोन वर्षांची वर्गणीदार, न्यू जर्सीत राहते. तुमच्या ग्राहक सेवेचा फोन पुण्यात लागतो आणि नोव्हेंबरात दोनदा आपलं मराठीतच बोलणं झालं, म्हणून पत्रही मराठीत लिहिते आहे. फोनवरच्या मुलाबद्दल माझं काही म्हणणं नाही. तो नीट बोलला आणि त्याला ठाऊक होतं तेवढं त्यानं सांगितलं. माझी तक्रार कंपनीच्या वागण्याबद्दल आहे.

आमच्या लॅबमधल्या १२ जणांची फॅन्टसी फुटबॉल लीग आहे, म्हणजे प्रत्येकानं अमेरिकन फुटबॉलचे खरे खेळाडू निवडून कागदावर संघ करायचा, आणि त्यांच्या खऱ्या खेळावरून गुण मोजून दर आठवड्याला आपसांत सामने लावायचे. यंदा तिचं आठवं वर्ष. कॅचला (फेकलेला चेंडू झेलला की) १ गुण, चेंडू पुढे नेलेल्या दर १० यार्डांना १, टचडाउनला (चेंडू गोलरेषेपार पोचवला की) ६ असा आमचा हिशेब, आणि १७ व्या आठवड्यात अंतिम सामना. अमेरिकेत आल्यावर पहिली काही वर्षं सोमवारी सकाळी सगळे कशाबद्दल बोलतात तेच मला कळत नसे. या लीगनं मला त्या टेबलावर जागा दिली. तेव्हा तुम्ही विकता तो आकडा माझ्यासाठी नुसता करमणुकीचा नाही.

आता ११ व्या आठवड्याबद्दल. फ्लेक्सच्या, म्हणजे चेंडू झेलणारा किंवा धावणारा कुणीही चालतो अशा जागेवर कुणाला खेळवायचं, हा प्रश्न होता. माझ्याकडे एक रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा, होता. मांडीचा स्नायू दुखावलेला, बुधवार, गुरुवार, शुक्रवार तिन्ही दिवस सराव मर्यादित, शुक्रवारच्या यादीत ‘क्वेश्चनेबल’, म्हणजे खेळेल की नाही ते नक्की नाही. दुसरा एक रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा, ठणठणीत, पण समोरचा बचाव तगडा. साडेअकराला न खेळणाऱ्यांच्या याद्या आल्या, त्यात रिसीव्हरचं नाव नव्हतं. त्यानंतर, ११ वाजून ५० मिनिटांनी, तुमच्या पानावर रिसीव्हरला १४.२ आणि रनिंग बॅकला ११.८ गुण दाखवले होते. मी रिसीव्हर खेळवला. त्याला मैदानावर फारसं उतरवलंच नाही. २ कॅच, १९ यार्ड, म्हणजे ३.९ गुण. बाकावर बसवलेल्या रनिंग बॅकनं १७.३ केले. मी सामना ५.८ नं हरले.

इथपर्यंत माझी काहीही तक्रार नाही, हे कृपा करून नीट वाचावं. अंदाज चुकतात. २५ डिसेंबर २०२० ला न्यू ऑर्लिन्सच्या अल्विन कमारानं मिनेसोटाविरुद्ध एकट्यानं धावून ६ टचडाउन केले. १९२९ नंतर तेवढे कुणी केले नव्हते, आणि तो नेमका पुष्कळ लीगांच्या अंतिम फेरीचा आठवडा होता. तो आकडा आधी सांगणारा माणूस जन्माला यायचाय. ६ डिसेंबर २०२१ ला ऑर्चर्ड पार्कमध्ये वारा असा सुटला होता की पास टाकणं हेच ज्याचं काम त्या न्यू इंग्लंडच्या मॅक जोन्सनं पूर्ण सामन्यात ३ पास टाकले, आणि तरी त्यांचा संघ १४-१० नं जिंकला. वाऱ्याचा अंदाज होता, म्हणून पासिंगचे आकडे थोडे खाली आणता आले असते. तीन पासांपर्यंत कुणी आणले असते? एक टचडाउन म्हणजे ६० यार्डांची कमाई, आणि ते एका चेंडूवर, एका पावलावर अडतं. हे मला कळतं. म्हणून तुमचा अंदाज चुकला यासाठी मी कधीच पत्र लिहिलं नसतं.

मंगळवारी संध्याकाळी वेव्हरसाठी, म्हणजे कुणाच्याच संघात नसलेल्यांतून घ्यायला, खेळाडू बघताना मी सहज मागच्या आठवड्याचं पान उघडलं. तिथे त्याच दोन नावांपुढे रिसीव्हर ८.६, रनिंग बॅक १२.९ असे आकडे होते. म्हणजे ते पान आता सांगत होतं, रनिंग बॅक खेळवा. मी पान दोनदा बंद करून उघडलं. नवऱ्याच्या फोनवर बघितलं. तेच. रविवारी बघितलेला आकडा कुठेच नव्हता, आणि त्याला बदललं आहे असं सांगणारी एक ओळसुद्धा नव्हती.

फोन केल्यावर उत्तर मिळालं की आकडे आपोआप अपडेट होतात आणि शेवटचा अपडेट सामना सुरू झाल्यानंतरचा आहे. हे ऐकून मला खरंच वाईट वाटलं. सामना सुरू झाल्यावर लाइनअप, म्हणजे त्या आठवड्याला खेळवायची यादी, कुलूपबंद असते. त्यानंतरचा आकडा मला काय उपयोगाचा? तो फक्त तुमच्या उपयोगाचा आहे.

मी औषधांच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीत काम करते. आमच्याकडे नोंदवहीत खाडाखोड चालत नाही, व्हाइटनर तर खोलीतसुद्धा ठेवत नाहीत. आकडा चुकला तर त्यावर एकच आडवी रेघ मारायची, अशी की खालचा आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी नवा आकडा, कारण, सही आणि तारीख. मी स्वतः नव्या मुलांना पहिल्या दिवशी हेच शिकवते. चुकीचा आकडा लपवला की पुढच्या माणसाला चूक कुठून आली ते शोधता येत नाही. वीस वर्षं नाही, पण बारा वर्षं मी हे करते आहे, आणि माझ्याच पैशानं घेतलेल्या आकड्यांवर कुणी बिनदिक्कत व्हाइटनर फिरवतंय हे मला बघवलं नाही.

म्हणून १२ ते १७ या सहा आठवड्यांत मी वही ठेवली. दर सामना सुरू होण्याच्या मिनिटाला, म्हणजे दुपारी १ ला, मग सव्वाचारच्या आसपास, मग रात्री ८.२० ला, माझ्या खेळाडूंच्या पानाचा वेळेसकट स्क्रीनशॉट घ्यायचा आणि आकडा वहीत उतरवायचा. थँक्सगिव्हिंगच्या गुरुवारी घरात जेवायला १४ माणसं होती. हाताला पुरणपोळीचं पीठ लागलेलं होतं तरी मी तो घेतला. वहीच्या त्या पानावर अजून पिठाचा डाग आहे. मंगळवारी तुमचं तेच पान पुन्हा उघडून दुसरा आकडा शेजारी लिहायचा.

दर आठवड्याला ९ खेळाडू, असे एकूण ५४ आकडे. त्यांतले २३ सामना सुरू झाल्यानंतर बदलले. त्या २३ पैकी १९ आकडे खेळाडूनं प्रत्यक्ष केलेल्या गुणांच्या जवळ सरकले. मी टिपलेल्या आकड्यांवर तुमची सरासरी चूक ६.१ गुणांची येते. आज तुमच्या पानावर आहेत त्या आकड्यांवर तीच ४.७ येते. आणि वर्गणीच्या पानावर ठळक अक्षरांत जी अचूकता छापली आहे, ती याच साठवलेल्या आकड्यांवरून काढलेली आहे, हे मला दुसऱ्या फोनवर सांगण्यात आलं. परीक्षेचा पेपर घरी नेऊन उत्तरं सुधारायची आणि मग गुण सांगायचे, याला आपल्याकडे काय म्हणतात ते तुम्हाला मी सांगायला नको.

सामना चालू असताना नवा अंदाज देणं वाईट नाही. किती गुण मागे आहोत, अजून काय हाती लागू शकतं, हे बघायला तो आकडा मीही वापरते. पण त्याला वेगळं नाव द्या, वेगळ्या रकान्यात ठेवा. आधीच्या आकड्याच्या डोक्यावर बसवू नका.

आणखी एक गोष्ट, जी मला तितकीच महत्त्वाची वाटते. तुम्ही एकच आकडा देता, तोही दशांश चिन्हासकट. सट्ट्याच्या बाजारात सामन्यात दोन्ही संघांचे मिळून ४८ गुण धरले असतील आणि एक संघ ६ नं वरचढ धरला असेल, तर २७ आणि २१ अशी वाटणी निघते. मग खेळाडू किती स्नॅप, म्हणजे किती चालींना, मैदानावर असतो, त्याच्याकडे किती चेंडू जातात, गोलरेषेजवळ चेंडू कुणाच्या हाती देतात, यांवरून त्या २७ मधला त्याचा वाटा. यातला प्रत्येक टप्पा सैल आहे. एवढ्या सैल गोष्टींतून १४.२ कसा निघतो? एक रिसीव्हर दर आठवड्याला सहा-सात छोटे कॅच घेऊन १० ते १४ च्या मध्ये राहतो. दुसरा एका आठवड्यात ३ आणि पुढच्यात २६ करतो. तुमच्या पानावर दोघांपुढे १२ च दिसतो. मी सोमवारच्या सामन्याआधी २० गुणांनी मागे असेन तर मला दुसराच हवा, आणि ४ नं पुढे असेन तर पहिला. हे ठरवायला खालचा आणि वरचा अंदाज लागतो. दुखापतीतून परतलेल्या माझ्या त्या रिसीव्हरपुढे ‘२ ते २३’ असं छापलं असतं, तर मी त्याला खेळवला असता की नाही हा माझा निर्णय राहिला असता.

१४ व्या आठवड्यात अधिकृत यादीनुसार बाहेर बसलेल्या एका खेळाडूपुढे १२ वाजून १० मिनिटांपर्यंत ९.४ दिसत होते, तेही जोडलेल्या स्क्रीनशॉटमध्ये आहे. त्याचं मला नुकसान झालं नाही, म्हणून जास्त लिहीत नाही.

माझी मागणी अशी आहे. सामना सुरू होताच अंदाज गोठवा आणि आधीचे सगळे आकडे वेळेसकट वर्गणीदारांना बघता येतील असे ठेवा. या हंगामाची अचूकता गोठवलेल्या आकड्यांवर पुन्हा काढा, आणि तोवर वर्गणीच्या पानावरचा तो दावा उतरवा. ११ व्या आठवड्यापासून पुढची माझी वर्गणी परत करा. हरलेल्या सामन्याची भरपाई मी मागत नाही. माझी वर्गणी ऑगस्टात, आमच्या ड्राफ्टच्या, म्हणजे खेळाडू वाटून घेण्याच्या, आधी, कार्डातून आपोआप कापली जाते. जूनअखेरपर्यंत लेखी उत्तर आलं नाही तर ती मी बंद करते आहे, आणि लीगमधल्या इतर चार वर्गणीदारांनाही ही वही दाखवणार आहे.

सोबत ५४ आकड्यांचा तक्ता, सगळे स्क्रीनशॉट आणि वहीची १२ पानं स्कॅन करून जोडली आहेत. दोन ठिकाणी माझ्याकडून आकडा चुकीचा उतरला होता. तिथे रेघ मारून शेजारी बरोबर आकडा, सही आणि तारीख आहे. खालचा आकडा वाचता येतो.

कळावे,
आपली ग्राहक
(नाव व ग्राहक क्रमांक सोबतच्या अर्जात)