ताईंना, कोअर नीट पडू दिल्याबद्दल

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या निरोप समारंभात केक झाला, ग्रुप फोटो झाला, भाषणंही झाली. सपोर्टमधल्या माणसाचं कौतुक 'पेशन्स फार' या दोन शब्दांत आटोपतं, तसंच तेही आटोपलं. तुम्ही नेमकं काय केलंत हे कोणीच सांगितलं नाही: क्रॅश होणाऱ्या प्रोग्रॅमचा कोअर, म्हणजे मरतानाच्या त्याच्या मेमरीची फाइल, नीट पडू द्यायला तुम्ही आम्हाला शिकवलंत. ते इथे जाहीरपणे लिहितो, म्हणजे सिस्टीम्सचा कोड लिहिणाऱ्या इतरांच्याही उपयोगी पडेल.

ज्या एस्कलेशनमुळे (सपोर्टकडून वर आलेल्या तक्रारीमुळे) तुम्ही आमच्या स्टोरेज टीममध्ये येऊन बसलात, त्याच्या तिकिटावर लिहिलं होतं 'सर्व्हर स्लो'. कस्टमरच्या दोन नोडपैकी (एकमेकांना राखीव असलेल्या सर्व्हरपैकी) एक गप्प झाला होता. प्रोसेस (चालू प्रोग्रॅम) दिसत होती, पीआयडी म्हणजे तिचा क्रमांक जागेवर, सीपीयू शून्य, लॉगमध्ये अक्षर नाही. वॉचडॉग, म्हणजे तिच्यावर नजर ठेवणारा प्रोग्रॅम, फक्त पीआयडी आहे का एवढंच बघायचा, त्यामुळे त्याच्या लेखी सगळं आलबेल होतं आणि दुसरा नोड फेलओव्हर घेत, म्हणजे काम हाती घेत नव्हता. आमच्यात नेटवर्क की डिस्क यावर वाद रंगला होता. तुम्ही वादात पडलाच नाहीत. लटकलेल्या प्रोसेसला जीडीबी हा डीबगर लावलात आणि सगळ्या थ्रेडचे (प्रोसेसमध्ये समांतर चालणाऱ्या धाग्यांचे) बॅकट्रेस, म्हणजे कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं याच्या साखळ्या, काढलेत.

एकाच थ्रेडमध्ये सगळी कहाणी होती. सर्वांत वर लॉकची (एका वेळी एकाच थ्रेडला मिळणाऱ्या कुलपाची) वाट बघणारी फ्रेम, तिच्याखाली मेमरी मागणारं मॅलॉक, त्याखाली आपल्याच क्रॅश हँडलरमधलं (क्रॅशच्या वेळी चालणाऱ्या कोडमधलं) स्टॅक छापणारं फंक्शन, मग जीडीबीची ती 'सिग्नल हँडलर कॉल्ड' ओळ आणि तिच्याखाली मेमरी परत करणारं फ्री. म्हणजे प्रोसेस केव्हाच मेली होती. हीप (मॅलॉक जिथून मेमरी देतं तो साठा) आधीच बिघडली होती, फ्री करताना सिग्नल ११ (चुकीच्या मेमरीला हात लावल्याचा इशारा) आला, आणि त्या क्षणी हीपचं लॉक त्याच थ्रेडकडे होतं. हँडलरने मॅलॉक मागितला आणि थ्रेड स्वतःचीच वाट बघत बसला. त्याच्याकडे अडकलेल्या इतर लॉकपाशी बाकीचे थ्रेड एकेक करून येऊन थांबले. क्रॅश झाला असता तर काही सेकंदांत फेलओव्हर झाला असता. क्रॅश 'हाताळल्यामुळे' कस्टमर रात्रभर बंद राहिला.

तो हँडलर कोणा एकाचा नव्हता. वर्षानुवर्षं ज्याला जे सुचलं ते त्यात भरलं गेलं होतं: वेळ छापायला लोकलटाइम, मजकूर जुळवायला प्रिंटएफ, फंक्शनांची नावं काढायला बॅकट्रेस-सिम्बॉल्स, आणि शेवटी, मला अजून हसू येतं, चालू कॉन्फिगरेशन डिस्कवर सेव्ह करणं! ज्या प्रोसेसची मेमरी बिघडल्याचं आत्ताच सिद्ध झालंय, तिच्या मेमरीतलं कॉन्फिगरेशन चांगल्या फाइलवर लिहायचं. पॉझिक्स या युनिक्सच्या मानकाने सिग्नल हँडलरमधून कोणती फंक्शन्स बिनधोक बोलवावीत याची यादी दिलेली आहे. आमच्या या चारपैकी एकही काम त्या यादीच्या आधाराने होत नव्हतं. लिनक्सच्या मॅन पेजेसमध्ये (माहितीपानांत) 'सिग्नल-सेफ्टी' नावाचं पानच आहे, तुम्ही त्याचा प्रिंट काढून माझ्या मॉनिटरला चिकटवलात आणि म्हणालात, "ज्याचा अपघात झाला त्यालाच पंचनामा लिहायला बसवायचं नाही."

मग कात्री चालली. उरलं ते एवढंच: आधीच उघडून ठेवलेल्या फाइलमध्ये थेट राइटने सिग्नलचा नंबर, फॉल्टचा पत्ता आणि थ्रेडचा आयडी टाकायचा, सिग्नलची हाताळणी डिफॉल्टवर ठेवायची आणि परतायचं. परतणं कशाला, तिथेच एक्झिट करू, असं आमच्यातल्या एकाने विचारलं. तुमचं उत्तर मी आजही नव्या मुलांना जसंच्या तसं सांगतो. परतल्यावर तीच फसलेली इन्स्ट्रक्शन पुन्हा चालते, पुन्हा फॉल्ट होतो, आणि या वेळी कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) स्वतः मूळ जागेवरचा, प्रोसेसरच्या मूळ रजिस्टरांसह कोअर पाडतो. हँडलरमधून एक्झिट केलं तर कोअर पडतच नाही. फक्त सिग्नल बाहेरून किल कमांडने पाठवलेला असेल तर फॉल्ट पुन्हा घडत नाही, म्हणून तेवढ्यापुरता तो स्वतःच पुन्हा उठवायचा. शिवाय हँडलरच्या पहिल्याच ओळीत अलार्म, म्हणजे वेळ संपली की सिग्नल देणारं घड्याळ. इतकं करूनही हँडलर अडकला तर काही सेकंदांत एसआयजी-अलार्म प्रोसेसला संपवेल.

स्टॅक ओव्हरफ्लोचा, म्हणजे फंक्शनांची कामाची मेमरी संपण्याचा, धडा वेगळाच. स्टॅकच संपल्यावर हँडलर उभा कुठे राहणार? त्यासाठी सिग-ऑल्ट-स्टॅक हा पर्यायी स्टॅक असतो हे आम्हाला माहीत होतं, मुख्य थ्रेडमध्ये तो लावलेलाही होता. पण तो प्रत्येक थ्रेडचा वेगळा असतो, आणि आमची खोल रिकर्शन (फंक्शनने स्वतःलाच पुन्हापुन्हा बोलावणं) चालायची ती वर्कर थ्रेडमध्ये. म्हणजे जिथे गरज होती तिथेच नव्हता. पुढे २०२१ साली लिनक्सवरच्या सी लायब्ररीची, ग्लिबसीची, २.३४ आवृत्ती आली, त्या स्टॅकच्या आकाराचा मॅक्रो स्थिरांक राहिला नाही आणि आमचं बिल्ड तुटलं. तेव्हा सगळे ग्लिबसीवर चिडले. तुम्ही मात्र शांतपणे सांगितलंत, की प्रोसेसरमधल्या एव्हीएक्स-५१२ च्या मोठ्या रजिस्टरांमुळे सिग्नल फ्रेम (सिग्नल येताच स्टॅकवर साठवली जाणारी स्थिती) फुगते आणि जुन्या आठ केबीत हँडलरला जागा पुरेलच असं नाही. तुटलं ते बरं झालं.

कोअर फाइलच्या बाबतीत तुम्ही सर्वांत कडक होतात, आणि माझ्या मते तुमचा खरा उपकार तोच. आम्हाला कोअर म्हणजे फक्त पुरावा वाटायचा. तुम्हाला त्यात कस्टमरचा डेटा दिसायचा: कॅशमधले ब्लॉक, पासवर्ड, एन्क्रिप्शनच्या किल्ल्या. तो डेटा तिकिटाला जोडून कुठेकुठे फिरतो हे सपोर्टमधल्या माणसालाच ठाऊक. डेटा कॅश आणि किल्ल्या ठेवलेली मेमरी एम-ॲडव्हाइज या कॉलने 'डोन्ट डंप' म्हणून नोंदवा, म्हणजे ती कोअरमध्ये येणार नाही, हा तुमचा हट्ट होता. लिनक्स ३.४ पासून ही सोय होती, आम्ही ती वापरली नव्हती. त्याचा दुसरा फायदा नंतर कळला. कोअर लहान झाला, तो लिहिण्यात जाणारा वेळ वाचला आणि फेलओव्हरला तेवढं कमी थांबावं लागलं. प्रत्येक रिलीजची डीबग फाइल (फंक्शनांची नावं, म्हणजे सिम्बॉल असलेली) बिल्ड-आयडीसह जपून ठेवायची शिस्तही तुमचीच. सिम्बॉलशिवायचा कोअर उघडून बसलेल्या माणसाला तिची किंमत समजते.

आणि एरियान-५ रॉकेट. ४ जून १९९६ च्या अपघाताचा चौकशी अहवाल तुम्ही आम्हाला वाचायला लावलात. ६४ बिटांचा फ्लोटिंग आकडा १६ बिटांत कोंबताना ओव्हरफ्लो झाला, हे सगळ्यांना पाठ असतं. तुम्ही बोट ठेवलंत ते पुढच्या वाक्यांवर: असा एक्सेप्शन आला की प्रोसेसर बंद करायचा, हे ठरवूनच ठेवलेलं होतं. बिघाड हार्डवेअरचा आणि अवचित असतो, दुसरा संगणक सांभाळून घेईल, हे त्यामागचं गृहीतक. रॉकेटची दिशा मोजणाऱ्या त्या दोन्ही संगणकांवर सॉफ्टवेअर एकच होतं, त्यामुळे राखीव आधी गेला आणि ७२ मिलिसेकंदांनी मुख्यही. त्याने जाताना पाठवलेली डायग्नोस्टिक माहिती रॉकेट चालवणाऱ्या संगणकाने उड्डाणाचा डेटा समजून वापरली. आमच्या दोन नोडांचं गृहीतक तंतोतंत तेच होतं. एखादी विषारी रिक्वेस्ट पहिल्याला पाडायची, क्लायंट तीच दुसऱ्याकडे पाठवायचा, मग तोही आडवा. त्या आठवड्यात रिस्टार्टला मर्यादा आली आणि सलग दोनदा पाडणारी रिक्वेस्ट बाजूला काढायचा कोडही आला. वॉचडॉगही पीआयडी सोडून खऱ्या कामाची नाडी बघू लागला.

मीटिंगमध्ये "प्रॉडक्ट मुद्दाम क्रॅश कसं करायचं?" असा सूर निघाला होता. तुम्ही पोस्टग्रेस या डेटाबेसचा दाखला दिलात. एफ-सिंक (डेटा डिस्कवर पक्का लिहायची विनंती) फसल्यावर लिनक्स मेमरीतली ती न लिहिलेली पानं स्वच्छ, म्हणजे लिहून झालेली, धरू शकतो आणि पुन्हा केलेला एफ-सिंक खोटाच यशस्वी ठरतो, हे २०१८ मध्ये उघड झाल्यावर त्यांनी पुन्हा प्रयत्न करणं सोडून सरळ पॅनिक करून (सर्व्हर मुद्दाम पाडून) लॉगवरून रिकव्हरी करायचं ठरवलं. त्यानंतर त्या विषयावर कोणी बोललं नाही. (चहा मात्र दोनदा आला.)

आता आम्ही डंप घेण्याचं काम वेगळ्या प्रोसेसकडे हलवतोय, गूगलच्या क्रॅशपॅड या साधनाच्या धर्तीवर. मरणाऱ्या प्रोसेसने फक्त इशारा द्यायचा, बाकीचं बाहेरच्याने बघायचं. एक गोष्ट सुटत नाहीये: ती बाहेरची प्रोसेसच आधी मेलेली असेल, तर आतल्याने किती वेळ थांबायचं? मी अलार्मवरच भिस्त ठेवली आहे. एक ज्युनियर म्हणते की दोन प्रोसेसना जोडणारा पाइप तुटलेला कळताच थांबणं सोडावं. मला तिचं पटतंय, पण तुम्हाला विचारल्याशिवाय मर्ज करवत नाही. कोड पाठवता येणार नाही, कागदावर आकृती काढून आणतो. शनिवारी दुपारी घरी आहात का?

तुमचा,
स्टोरेज टीममधला एक जुना सहकारी, पुणे