अण्णा, कॉम्प्युटरचं कॅबिनेट बदललं त्याबद्दल

अण्णा, नमस्कार.

समोर आभार मानले की तुम्ही हात झटकून विषय बदलता, म्हणून हे लिहून आणि सगळ्यांना दिसेल असं. टॉवेल-चादरीची डिझाइनं काढणाऱ्या आपल्या अनेक पोरांकडे माझ्यासारखाच ऑफिसातून निघालेला ब्रँडेड टॉवर, म्हणजे कंपनीचा तयार कॉम्प्युटर आहे. त्यांनाही हे कळावं.

मशीन चांगलं होतं, डबा, म्हणजे कॅबिनेट, वाईट होता. पुढून बंद प्लॅस्टिक, मागे एकच छोटा पंखा, आणि खोली मागांच्या शेडला लागून. सुताचे बारीक तंतू त्या डब्यात जाऊन नमदा होऊन बसायचे. मे महिन्यात सोलापूर बेचाळीसच्या पुढे गेलं की प्रोसेसर नव्वद अंशांवर, आणि मोठी जॅकार्ड (विणीतच नक्षी उमटते ती) डिझाइन सेव्ह करतानाच मशीन बंद. एका दुकानात सरळ सांगितलं, ‘ब्रँडेडचं काही बदलत नाही, नवीन घ्या.’

तुम्ही आधी मोजायचा टेप मागितला. कॅबिनेट विकत घ्यायच्या आधी! मी जाळीचं मोठं कॅबिनेट पसंत करून बसलो होतो, आणि तुम्ही म्हणालात, ‘घाई कशाला करालाव? आधी आत काय काय बसत नाही ते बघू.’ खरं सांगायचं तर आभार याच वाक्याचे आहेत. बाकी सगळं त्यातूनच आलं.

आतला मदरबोर्ड जवळजवळ मायक्रो एटीएक्स या नेहमीच्या मापाचा, २४४ मिलिमीटरचा चौरस. पण स्क्रूचं एक भोक जागेवर नव्हतं. नव्या कॅबिनेटमधली तिथली, बोर्ड टेकवायची पितळी खुंटी तुम्ही आधीच काढून टाकलीत. ती तशीच राहिली असती तर बोर्डाच्या पाठीला टेकून शॉर्ट झाला असता. मागच्या पोर्टांची पट्टी कंपनीने जुन्या डब्याच्या पत्र्यातच कापलेली, सुटी निघणारीच नव्हती. तुम्ही ॲल्युमिनियमचा पत्रा कापून, कानशीने घासून नवी केलीत. जरा वाकडी आहे. असू द्या.

मला सगळ्यात आवडलं ते प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या कूलरचं. त्याचे स्क्रू बोर्डातून आरपार जाऊन थेट डब्याच्या पत्र्यात बसलेले. बोर्ड उचलला की कूलरला धरायला काहीच उरत नाही. हे तुम्ही स्क्रूला हात लावायच्या आधी टॉर्च मारून पाहिलंत. मग प्रोसेसरचं सॉकेट बघून म्हणालात, एलजीए १२०० आहे, कूलरच्या भोकांमधलं अंतर ७५ मिलिमीटर, जुन्या ११५५-११५१ सॉकेटचीच बॅक प्लेट (बोर्डामागून कूलर धरणारी पट्टी) चालेल. ती तुमच्या भंगाराच्या डब्यातच निघाली. प्रोसेसरवरची उष्णता कूलरला देणारी जुनी पेस्ट पुसून नवी लावलीत.

पॉवर बटणाचं कनेक्टरही कंपनीचं स्वतःचं, सगळ्या वायरी एकाच ठोकळ्यात. नव्या कॅबिनेटच्या सुट्या पिना लावायच्या कुठे? तुम्ही मल्टिमीटर बीपवर ठेवून जुनं बटण दाबत राहिलात. ज्या दोन वायरींवर बीप वाजला, त्या बटणाच्या. वर मलाच समजावलंत: बटणाच्या वायरी उलट्यासुलट्या चालतात, एलईडीचं अधिक-उणे मात्र पाहावं लागतं. तुम्ही आधी मिलमध्ये जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, होता हे तेव्हा पटलं. जॅकार्डचा कुठला दोरा कुठल्या हुकाला जातो ते तपासल्याशिवाय मागाला हात न लावणारा माणूस वायरीही तशाच शोधतो.

एसएमपीएसबद्दल, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याबद्दल, मी हट्ट धरला होता, नवा मोठा टाकू म्हणून. नव्याची वायर लागते तो नेहमीचा २४ पिनांचा सॉकेटच बोर्डावर नाही हे दाखवून तुम्ही मला गप्प केलंत. जुनाच ठेवला. त्याची भोकं जुळेनात, तेव्हा एक पट्टी भोकं पाडून आडवी लावलीत, पण एकही वायर कापली नाहीत. सुरू केल्यावर स्क्रीनवर ‘कॅबिनेटचा पंखा सापडत नाही’ अशी तक्रार आली. जुनाच पंखा त्याच्या जागच्या पिनांवर लावून पुढे बसवला, तक्रार मिटली.

तुम्हाला नवा बोर्ड विकता आला असता, अण्णा. मी घेतलाही असता. तुम्हीच सांगितलंत की विंडोजचं लायसन्स या बोर्डाशी बांधलेलं आहे, बोर्ड बदलला तर तेही नवं घ्यावं लागेल. गिऱ्हाइकाला असं सांगणारा दुकानदार नव्या पेठेच्या बाजारात शोधूनही सापडायचा नाही. (तिथले मित्र रागावतील, पण असो.)

आता तीच डिझाइन सेव्ह करताना तापमान सत्तरीच्या आसपास राहतं. पुढच्या जाळीवर तंतूंचा थर जमतो, तो ब्रशने निघतो. आठवड्याला झाडतो, तुम्ही सांगितल्याप्रमाणे मशीन बंद करून.

पैसे तुम्ही फक्त पेस्टचे घेतलेत, मजुरी घेतली नाहीत. म्हणून याच मशीनवर काढलेल्या नव्या डिझाइनची पहिली चादर तुमच्या घरी पाठवतोय. वहिनींना मी आधीच सांगून ठेवलंय, त्यामुळे परत पाठवायचा विचार करू नका. आणि शेजारच्या शेडमधला मुलगा त्याचा टॉवर घेऊन येणार आहे. त्याच्याकडून मात्र मजुरी घ्या.

तुमचा,
भवानी पेठेतला डिझाइनवाला