काचबिंदूचे थेंब : सरकारीत एक, प्रायव्हेटमध्ये तीन

मा. संपादक, स.न.

मोतीबिंदूच्या शिबिरांचे बॅनर आपल्या ठाण्यात दर नाक्यावर दिसतात, ऑपरेशन झालं की पेशंटला दिसायला लागतं, नेत्यांचा फोटोही निघतो. काचबिंदूला (बहुधा डोळ्यातलं प्रेशर वाढून आतली नस मरत जाते तो आजार) मात्र कोणी विचारत नाही, कारण त्यात गेलेली नजर परत येतच नाही, उरलेली टिकवायची आणि ती टिकते रोजच्या थेंबांवर, तेही बहुतेकांना जन्मभर.

आता थेंब कुठले, ते तुम्ही कुठल्या दारात उभे राहता त्यावर ठरतं असं वाटायला लागलंय. आईला एका सरकारी हॉस्पिटलात टायमोलॉल हे प्रेशर कमी करणारं औषध दिलं, सकाळ-संध्याकाळ. नंतर प्रायव्हेटला दाखवलं तर पहिल्याच दिवशी रात्रीचं लॅटानोप्रोस्ट (तेही प्रेशर कमी करणारंच), वर एक कॉम्बिनेशन (एका बाटलीत दोन औषधं) आणि डोळे कोरडे पडू नयेत म्हणून तिसरी बाटली! मी लगेच लुटतात म्हणणार नाही. प्रेशर फारच जास्त असेल तर दोन औषधं लागतातही, पण एरवी एक सुरू करून काही आठवड्यांनी प्रेशर बघायचं अशी रीत आहे ना? आणि टायमोलॉल स्वस्त आहे म्हणून टाकाऊ नाही, फक्त ते डोळ्यात घातलं तरी रक्तात उतरतं, दमा असलेल्याला किंवा नाडी मंद असलेल्याला चालत नाही. शेजारचे काका दम्याचा पंप घेतात, त्यांनाही तेच मिळालं होतं, केसपेपरवर दम्याचा उल्लेखच नाही. ओपीडीत गर्दी असते मान्य, पण एवढं विचारायला कितीसा वेळ लागतो?

खरा घोळ पुढे आहे. सरकारीत "स्टॉक संपलाय, बाहेरून घ्या". प्रायव्हेटच्या चिठ्ठीवर नुसतं ब्रँडचं नाव, मग जनऔषधीत, जिथे जेनेरिक म्हणजे मूळ नावाने औषध मिळतं, जाऊन काय मागायचं? जेनेरिक नाव लिहायचा नवा नियम ऑगस्ट 2023 मध्ये आला आणि त्याच महिन्यात स्थगित पण झाला. मग होतं काय की बाटली संपते, डोळा दुखत नाही, माणूस महिनाभर थेंब टाकतच नाही आणि आत नस मरत राहते.

लॅटानोप्रोस्ट जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, ते पालिकेच्या दवाखान्यांत पण कायम मिळायला हवं. न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवावी लागते, पण लसींसाठी आरोग्य केंद्रांत फ्रिज आहेतच की. आणि दोन्हीकडच्या डॉक्टरांनी औषध का बदललं आणि प्रेशर किती होतं ते कागदावर लिहून द्यावं, म्हणजे पुढच्या डॉक्टरला शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.

आणि हो, थेंब टाकल्यावर डोळे मिटून नाकाकडचा कोपरा एक-दोन मिनिटं बोटाने दाबून धरायचा, औषध रक्तात कमी जातं. हे आम्हाला ना सरकारीत सांगितलं ना प्रायव्हेटमध्ये, मेडिकलवाल्याने सांगितलं.

– एक वाचक, वर्तकनगर, ठाणे