९ ऑगस्टला बोलणार कोण?

मा. आदिवासी विकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

साहेब, जोहार.

जागतिक आदिवासी दिनाची तयारी सुरू झाली की नंदुरबार जिल्ह्यात पहिला प्रश्न निघतो, पाहुण्यांसमोर नाचवायचं कुणाला? बरेचदा काठी गावच्या होळीत नवस फेडायला नाचणारा बुध्या पुढे केला जातो. मोरपिसांचा टोप, कमरेला घुंगरं, अंगावर राखेचे ठिपके. हा वेश फाल्गुनातला, नवसाचा. तो अंगावर घेणारा माणूस पालनी, म्हणजे व्रताचे नियम पाळतो, जमिनीवर झोपतो. तोच वेश भर पावसात शाळकरी पोरांना चढवून स्वागताच्या रांगेत उभं करायचं, याला संस्कृती-संवर्धन म्हणायचं का? नाचायला आमची ना नाही. ढोल वाजला की आम्हाला सांगावं लागत नाही. पण दिवस आमचा आणि भाषणं तेवढी तुमची, हे आता पुरे झालं.

१९८२ मध्ये याच तारखेला जिनिव्हात आदिवासींच्या हक्कांसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या कार्यगटाची पहिली बैठक झाली, म्हणून ९ ऑगस्ट. म्हणजे मुळात हा दिवस आपलं म्हणणं मांडायचा.

बॅनरवर इंग्रजांशी लढलेले खाज्या नाईक असतात, भीमा नाईक असतात. १८५८ च्या अंबापाणीच्या लढाईवर वक्ते तावातावाने बोलतात. बोलावंच. पण इंग्रजांच्या अन्यायावर बोलणं सोपं असतं. धरणात बुडालेल्या आमच्या मणिबेली गावाला इंग्रज नव्हते. नर्मदेवरच्या सरदार सरोवरात अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावं बाधित झाली, ती आपल्याच राज्यात, आपल्याच सरकारांच्या सहीने.

ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी फेब्रुवारी २००८ मध्ये संसदेत उभं राहून आईबापांपासून तोडलेल्या आदिवासी मुलांची माफी मागितली. त्याच वर्षी जूनमध्ये कॅनडाच्या पंतप्रधानांनी निवासी शाळांबद्दल मागितली. त्याने तिथले जमिनीचे तंटे मिटले नाहीत, हेही खरं. पण सरकारने काय केलं ते सरकारच्या तोंडून निघालं. समेटाची भाषा त्यानंतर करता येते.

म्हणून विनंती एवढीच: यंदा कार्यक्रम धडगावला किंवा मोलगीला घ्या आणि पहिला तास बुडालेल्या गावांतल्या म्हाताऱ्यांना द्या. ते भिलीत, पावरीत बोलतील. दुभाष्या आपल्यासाठी बसवा. कचेरीत गेलो की आम्हाला तो शोधावाच लागतो. निमंत्रणपत्रिकेवर मणिबेलीचं नाव छापा. जे ऐकाल त्याची नोंद करायला पुनर्वसनाचे अधिकारी समोर बसवा, व्यासपीठावर नव्हे.

भाषेचंही सांगतो. २०११ च्या जनगणनेत भिली आणि तिच्या बोली बोलणारे एक कोटीच्या वर निघाले, तरी ती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे मान्य भाषांच्या यादीत नाही. संथाळी आणि बोडो २००३ च्या घटनादुरुस्तीने आत गेल्या. अनुसूची दिल्लीच्या हातात, मान्य. पण आश्रमशाळा आपल्या खात्याच्या आहेत. पहिली-दुसरीच्या वर्गावर पोरांची बोली येणारा शिक्षक नेमायला कोणत्या घटनादुरुस्तीची गरज आहे? घरी पावरी बोलणारं पोर पहिल्याच दिवशी मराठी पुस्तकासमोर गप्प बसतं आणि शेरा पडतो, मूल मंद आहे. आदिवासी भाषांचं संयुक्त राष्ट्रांचं दशक २०२२ पासून चालू आहे, २०३२ ला संपेल. त्याच्या फलकापेक्षा असे शिक्षक आम्हाला जास्त उपयोगाचे.

आपल्या भाषणासाठी शेवटची दहा मिनिटं राखून ठेवू.

आपला,
सातपुड्यातला एक मतदार