काँगोचा अंधार आणि सोयीचे वाचन

मा. संपादक,

आपल्या रविवार पुरवणीत जोसेफ कॉनरॅडच्या ‘हार्ट ऑफ डार्कनेस’वरील लेख वाचला. ही कादंबरी म्हणजे मानवी मनाच्या तळाशी असलेल्या अंधाराचा शोध, असा त्याचा सूर आहे. हे वाचन रूढ असले तरी मला ते अपुरे, किंबहुना सोयीचे वाटते. कारण कॉनरॅडने ज्या आत्मवंचनेवर बोट ठेवले, तिच्यातच ते वाचकाला पुन्हा नेऊन सोडते.

आफ्रिकेतल्या काँगोत हस्तिदंत गोळा करणारा युरोपीय कंपनीचा एजंट कर्ट्झ ‘रानटी चालीरीतीं’च्या निर्मूलनावर 17 पानांचा ओजस्वी अहवाल लिहितो आणि त्याच्या अखेरीस, पुढे कधीतरी, थरथरत्या हाताने, या साऱ्या पशूंचा संहार करा, अशी ओळ खरडतो. कथा सांगणारा मार्लो तेवढी ओळ फाडून टाकतो आणि उरलेला अहवाल छापायला देतो. खोटेपणाचा आपल्याला तिटकारा आहे, असे आधी बजावणारा हाच माणूस शेवटी कर्ट्झच्या वाग्दत्त वधूसमोर बसतो. वर्ष उलटून गेले तरी ती शोकवस्त्रांत आहे, दिवाणखान्यात अंधारून येत आहे, आणि ती कर्ट्झचे अखेरचे शब्द विचारते. ते शब्द भीषणतेचा उच्चार करणारे होते. मार्लो सांगतो, त्याने तुमचेच नाव घेतले. मला ठाऊकच होते, असे ती म्हणते. माझ्या मते कादंबरीचा गाभा इथे आहे. कर्ट्झने मरताना का होईना, सत्य पाहिले. मार्लोने ते पाहूनही युरोपातल्या त्या घरापर्यंत पोहोचू दिले नाही, आणि खरे सांगणे फारच काळोखे ठरले असते, अशी स्वतःची समजूत घातली.

हा अंधार सरसकट ‘मानवी मना’चा ठरवला की तो कोणी आणि कुठे केला, हे विचारायचे राहून जाते. 1885 ते 1908 या काळात काँगो बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याच्या व्यक्तिगत सत्तेखाली होता. सुधारणेच्या गोष्टी बोलत तिथे हस्तिदंत आणि रबर यांच्यासाठी माणसे राबवली गेली, मारली गेली. कॉनरॅड 1890 मध्ये स्वतः तिथे बोटीवर होता. गळ्यात लोखंडी कडी घातलेले, साखळीने एकमेकांना जखडलेले सहा जण मातीच्या टोपल्या वाहत आहेत आणि जवळच झाडांच्या सावलीत निकामी झालेले मजूर मरत पडले आहेत, हे कादंबरीतले दृश्य रेल्वेच्या बांधकामावरचे आहे. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून सुटलेली गाडी ज्या गावी आली, त्या ठाण्यातल्या वाचकाला तरी, आपण दरवर्षी अभिमानाने सांगतो त्या कहाणीत माती वाहणारे कुठे असतात, हा प्रश्न पडायला हवा.

कॉनरॅडही यातून पुरता सुटत नाही. या कादंबरीत आफ्रिकी माणसांना जवळजवळ वाचाच नाही, हे नायजेरियन कादंबरीकार चिनुआ अचेबे यांनी 1975 च्या व्याख्यानात परखडपणे मांडले. तो आक्षेप मला मान्य आहे. पण त्यासाठी पुस्तक बाजूला सारण्याऐवजी ते त्या आक्षेपासह वाचावे, असे मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगत आले. आपण या विषयावर पुन्हा लिहून घेणार असाल, तर अचेबे यांच्या त्या व्याख्यानाचा मराठी सारांशही सोबत छापावा, अशी विनंती आहे.

– इंग्रजीची एक निवृत्त प्राध्यापिका, नौपाडा, ठाणे