लहान मुलांच्या लोहगड ट्रेकबाबत तक्रार आणि पैसे परत करण्याची मागणी

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय/महोदया,

श्रावणातल्या रविवारी आपल्या कंपनीने पुण्याहून नेलेल्या सहकुटुंब लोहगड ट्रेकला आम्ही चौघं होतो. मी, माझे पती, साडेतीन वर्षांचा मुलगा आणि आठ महिन्यांची मुलगी. दुसऱ्या दिवशी आपल्या ऑफिसला फोन केला तेव्हा ‘मेल करा, बघतो’ असं उत्तर मिळालं, म्हणून हे सविस्तर पत्र.

जाहिरातीत आपण वय ‘सहा महिने ते सहा वर्षं’ असं छापलं होतं. बस गडाच्या पायथ्याच्या लोहगडवाडीपर्यंत जाईल, सकाळी साडेसातला चढायला सुरुवात होईल, दर तीन कुटुंबांमागे एक लीडर असेल, बाळासाठी पाठीवरचं कॅरिअर भाड्याने मिळेल आणि जेवणात मुलांना मऊ भात असेल, हेही छापलं होतं. हे वाचूनच आम्ही पैसे भरले. नुसता गडच बघायचा असता तर स्वतःच्या गाडीने गेलो असतो.

गडाबद्दल माझी काडीची तक्रार नाही. पोरांना पहिला गड दाखवायचा तर लोहगडासारखा दुसरा शोधावा लागेल. लोहगडवाडीपर्यंत गाडीरस्ता आहे, पुढे बांधलेल्या पायऱ्या आहेत, आणि गणेश, नारायण, हनुमान, महादरवाजा असे एकामागून एक दरवाजे लागतात. म्हणजे थांबायला, टेकायला, बाळाला पाजायला हक्काच्या आडोशाच्या जागा. पण हे सगळं गाडी वाडीपर्यंत गेली आणि सकाळी लवकर चढलं तर. आपली बस खाली मळवली गावातच उभी राहिली. ‘रविवारी मोठ्या गाड्या वर सोडत नाहीत’ असं लीडरने तिथे उतरल्यावर सांगितलं. पावसाळ्यातल्या रविवारी लोहगडावर काय जत्रा भरते, पायऱ्यांवर माणसं कशी अडकून पडतात, याचे व्हिडिओ साऱ्या पुण्याने पाहिले आहेत. दर आठवड्याला ट्रेक नेणाऱ्या कंपनीला हे बसमधून उतरल्यावर कळतं?

मळवलीहून भाजेमार्गे लोहगड-विसापूरच्या खिंडीपर्यंत आणि तिथून वाडीपर्यंत धडधाकट माणसाला दीड-दोन तास लागतात. आम्ही चालायला लागलो तेव्हा दहा वाजून गेले होते, कारण दोन कुटुंबं उशिरा आली आणि नाश्त्याला बस तासभर थांबली. नाश्त्याला मिसळ होती. दुपारीही मऊ भात दिसला नाही. तिखट रस्सा बाजूला ठेवून पाव पाण्यात बुडवून मुलाला भरवणाऱ्या आयांच्या रांगेत मीही होते.

आता कॅरिअर. या पत्राचं मुख्य कारण तेच आहे. चारशे रुपये भाडं घेऊन आपल्या माणसाने जे हातात दिलं, त्याच्या छातीवरच्या पट्ट्याचं बक्कल एका बाजूने तुटलेलं होतं आणि तिथे नाडीची गाठ मारलेली होती. बैठक वर-खाली करायचा पट्टा इतका घट्ट अडकून बसला होता की माझ्या पतींनी दोन्ही पाय रोवून ओढला तरी हलला नाही. बैठक मोठ्या मुलाच्या मापाला अडकलेली. त्यामुळे आमची मुलगी आत बसवल्यावर तिची हनुवटी पुढच्या गादीच्या वर यायच्याऐवजी खाली गेली. पाय अडकवायच्या पट्ट्या नव्हत्याच, पाय नुसते लोंबकळत होते. खिंडीच्या चढावर तिला झोप लागली आणि मान छातीवर पडली. बाळाची हनुवटी छातीला टेकली की श्वास अडू शकतो, हे कॅरिअर भाड्याने देणाऱ्याला ठाऊक असायला हवं. मी मागून चालत होते म्हणून दिसलं. एकटा बाप पाठीवर घेऊन चालत असता तर त्याला मागचं काय दिसणार?

मी लगेच तिला काढून ओढणीने पोटाशी बांधलं आणि लीडरला दाखवलं. तो म्हणाला, ‘ताई, काही होत नाही, सगळे असंच नेतात.’ सगळे म्हणजे कोण, ते त्याने सांगितलं नाही. मग पाऊस आला. कॅरिअरवर टाकायचं आवरण मागितल्यावर कचऱ्याची काळी प्लास्टिकची पिशवी पुढे आली. आठ महिन्यांच्या बाळाच्या डोक्यावरून प्लास्टिकची पिशवी! ती मी परत केली. चालणारा माणूस चढावर घामाघूम होतो, पण पाठीवरचं मूल हलत नाही, त्याला वाऱ्यात थंडी वाजते. थांबून त्याचे हात-पाय चाचपावे लागतात, कपडे बदलावे लागतात. पण त्यासाठी थांबू देणार कोण? सगळ्या वाटेवर लीडरची शिट्टी आणि ‘चला चला, मागे राहू नका’ एवढंच ऐकू येत होतं.

वाटेत एका ओघळात लहानसा खेकडा निघाला. चार-पाच मुलं त्याच्याभोवती उकिडवी बसली. माझा मुलगा, जो तोवर ‘कडेवर घे’ म्हणून रडत होता, तो तिथे एकदम ताजातवाना झाला. लीडरने दोन मिनिटांत सगळ्यांना उठवलं. साडेतीन वर्षांच्या मुलासाठी तो खेकडा हाच ट्रेक असतो, माथा गाठण्याशी त्याला देणंघेणं नसतं. मुलांच्या चालीने जायचं नसेल तर जाहिरातीत मुलांचे फोटो छापू नका. मोठ्यांचाच ट्रेक आपण पोरांच्या नावावर विकला, असं माझं स्पष्ट मत आहे.

वाडीत पोचेपर्यंत एक वाजत आला होता. पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नव्हती, वरून पाण्याचे लोट येत होते. आम्ही आणि आणखी काही कुटुंबांनी वर जायला नकार दिला. तेव्हा जे मोजके लीडर होते ते सगळे उरलेल्यांना घेऊन वर गेले, आमच्याजवळ कोणीही थांबलं नाही. बाळांना घेऊन पावसात आम्ही कुठे बसणार, याचा विचार कोणी केला नाही. तिथल्या एका घरगुती खानावळीतल्या मावशींनी आम्हाला आतली खोली उघडून दिली, चुलीजवळ बाळाचे कपडे वाळवले आणि न सांगता गुरगुट्या भातावर तूप घालून पोरांपुढे ठेवलं. पैसे घ्यायला तयार नव्हत्या, मोठ्या मिनतवारीने दिले. जाहिरातीतला मऊ भात त्या दिवशी मिळाला तो एवढाच, आणि त्यात आपला काही हात नाही. पुन्हा मळवलीपर्यंत मुलांना चालवणं शक्य नव्हतं, म्हणून स्वतःच्या खर्चाने जीप करून खाली आलो.

बसचा चालक मात्र सांभाळून गाडी चालवणारा होता, हे नमूद करते.

फोनवर आपल्या प्रतिनिधींनी ‘मार्गात बदल करण्याचा अधिकार राखून’ ही अट वाचून दाखवली आणि पुढच्या ट्रेकवर दहा टक्के सूट देऊ केली. पुढचा ट्रेक कोणता, तर कळसूबाई. १,६४६ मीटर, लोखंडी शिड्या, आणि हाही म्हणे ‘फॅमिली’!

मार्ग बदलण्याची अट तुटक्या बक्कलाला लागू होत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये सेवेतील त्रुटी आणि दिशाभूल करणारी जाहिरात या दोन्हींची व्याख्या आहे, आपल्या सल्लागाराला विचारून घ्यावं. राज्य सरकारच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार पर्यटन संचालनालयाकडे आपली नोंदणी असल्यास तिचा क्रमांक मला कळवावा. पावतीवर तो कुठेही नाही.

आम्ही दोघांचे २,९९८, मुलाचे ९९९ आणि बाळाचे ४९९ असे ४,४९६ रुपये भरले, शिवाय कॅरिअरचे ४००. कॅरिअरचं भाडं पूर्ण परत हवं. बाकीच्या रकमेतून बसचा वाजवी खर्च वजा करा, त्याला माझी हरकत नाही, आणि उरलेले पैसे परत करा. जीपचे ६०० रुपयेही द्यावेत. सूट नको.

त्याहून तातडीचं म्हणजे, तसली कॅरिअर आजच भाड्यावरून काढून टाका. पुढच्या रविवारीही बस निघणार आहे, आपल्या पानावर त्याची जाहिरात मी पाहिली. तीत बस कुठपर्यंत जाते ते खरं छापा, आणि जी मुलं आधाराशिवाय बसत नाहीत त्यांना कॅरिअर देऊ नका.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आणि पैसे न मिळाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि नंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करेन. पावती, जाहिरातीचा स्क्रीनशॉट, जीपची चिठ्ठी आणि बक्कलाचे जवळून काढलेले फोटो सोबत जोडले आहेत. नाडीची गाठ दुसऱ्या फोटोत स्पष्ट दिसते.

कळावे,
आपली एक ग्राहक
(बुकिंग क्रमांक पावतीवर आहे)