आई, तू विचारलंस म्हणून

सिंगापूर, २८ मे

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

आई, परवा फोनवर तू विचारलंस, “नवा किडा सापडला की त्याला मारता का गं?” आणि मी ‘आवाज तुटतोय’ म्हणून विषय बदलला. आवाज नीट येत होता. म्हणून हे पत्र. बाबांनी वाचून दाखवावं, डोळ्याच्या ऑपरेशननंतर तू अजून ताण देऊ नयेस.

हो, मारावं लागतं.

इथे नी सून म्हणून एक दलदलीचं रान आहे. गोड्या पाण्याचं असं रान सिंगापुरात आता तेवढंच उरलंय. तिथल्या एका काजव्याला २०२१ साली ‘लुसिओला सिंगापुरा’ हे नाव मिळालं. बाबा, नावात आपलं सिंहपूरच आहे बघा. लांबी पाच मिलिमीटरसुद्धा नाही, तांदळाच्या दाण्याहून आखूड! याआधी इथून नव्या लुकलुकत्या काजव्याची नोंद झाली होती ती १९०९ साली. मी त्या कामात नव्हते. पण नोकरीच किड्यांच्या कपाटांपाशी, त्यामुळे काजव्याची जात कशी ठरते ते आता हाताखालून जातं.

रंगावरून ओळखावं म्हटलं तर पिवळसर मान आणि काळपट पाठ कितीतरी जातींची असते, शिवाय जुन्या नमुन्यांचा रंगही उतरलेला. उजेडावरून म्हणशील, तर जीव गेला की तोही गेला. मग उरतं ते शेपटाकडचं टोक. नराच्या पोटाचा तो भाग पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये ठेवला की मऊ मांस विरघळतं, टणक तेवढं राहतं. त्यातून सूक्ष्मदर्शकाखाली सुईने जननेंद्रिय सोडवायचं, सगळ्या बाजूंनी बघायचं आणि त्याचं चित्र काढायचं. तुम्हाला लिहायला संकोच वाटतोय, पण जातीजातींतला फरक बहुधा तिथेच सापडतो. पहिल्या महिन्यात माझ्या हातून दोन तुटले. त्या रात्री जेवण गेलं नाही.

एवढं करूनही ‘नवा’ म्हणता येत नाही. बाबा, तुम्ही तलाठी होतात, तुम्हाला लगेच कळेल. फेरफार धरायचा तर आधी जुनं दप्तर उपसावं लागतं ना? तसंच. त्या गटातल्या आधी नाव दिलेल्या जातींचे नमुने, शंभर-दीडशे वर्षांपूर्वी टाचणीला लावलेले, कुठल्या कुठल्या देशांतल्या संग्रहालयांत पडलेले असतात. त्यांच्याशी ताडून एकाशीही जुळला नाही तरच नवा. नव्याच्या शोधात मी सगळा दिवस जुनंच चाळत असते. हल्ली डीएनएही बघतात. ‘लुसिओला सिंगापुरा’च्या वेळी तो पाहिला तर भलतंच निघालं: लुसिओला नावाखाली गोळा केलेले सगळे एका कुळातले नाहीतच. आपल्याकडे सगळे पाटील कुठे एकमेकांचे भाऊबंद असतात?

शेवटी एक नमुना निवडतात आणि जातीचं नाव त्याच्या गळ्यात बांधतात. त्याला होलोटाइप म्हणतात. बहुतेक ठिकाणी त्याला लाल चिठ्ठी लावतात. पुढे कधी कोणाला शंका आली, तर कपाटातून त्यालाच बाहेर काढून पुन्हा बघायचं. फोटोला असं उलटंपालटं करून बघता येत नाही. आई, माझ्याकडे उत्तर आहे ते एवढंच. तुला ते पटणार नाही, आणि पटलं असं तू मला बरं वाटावं म्हणून म्हणूही नकोस. अल्कोहोलच्या बाटलीत पहिला काजवा टाकला तेव्हा तो थोडा वेळ आतही उजळत होता. मी झाकण लावलं आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले.

आता पाऊस तोंडावर आला, म्हणजे भंडारदऱ्याकडे मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागली असेल. आपल्या परसातल्या हिरड्यावर काजवे आले का? बाबा, गोठ्यावर नवा पांढरा दिवा लावलाय म्हणालात, तो जेवणानंतर तासभर बंद ठेवा. नराची चमक मादीला दिसायला काळोख लागतो. आणि घड्याळ घेऊन दोन चमकांमधले सेकंद मोजा, मला कळवा. बाटलीत मात्र भरू नका, ते पाप माझ्याच खात्यावर असू दे.

आई, संध्याकाळचे थेंब घालून झाले की तूही बाहेर ये. एखादा हातावर बसला तर घाबरू नकोस, त्या उजेडाचा चटका लागत नाही. त्याचं पोट बघ. या लुसिओलाच्या गोतावळ्यात नराला उजेडाचे दोन पट्टे असतात, मादीला एकच. दोन आहेत की एक, हे तुला चष्म्याशिवाय दिसलं, तर ऑपरेशन छान झालं म्हणायचं.

तुमची,
मनू